खेळाच्या नादाचें माप

एके काळीं जालन्याच्या मोंढ्यांत ‘रुपया’ म्हटलें कीं ‘कोणता?’ हा प्रश्न ओघानेंच येई. निजामी राज्याचा हाली रुपया वेगळा आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कळदार रुपया वेगळा. नांव एक, आणे दोहोंचेहि सोळाच. परंतु ढोबळ मानानें सात हाली मोजावे तेव्हां सहा कळदार पदरांत पडत. ज्या व्यापाऱ्याचा माल संस्थानची हद्द ओलांडून मुंबईकडे जाई त्याला हा बट्टा तोंडपाठ असे. नांवाच्या सारखेपणावर विसंबून जो हिशेब करी, त्याची वही जुळे आणि व्यवहार मात्र फसे. १९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें; पुढें कांहीं वर्षांनीं हाली नाणें चलनांतून गेलें; १९५६ च्या कायद्यानें शेर आणि मण यांची जागा किलोग्रॅमला दिली; आणि १ मे १९८१ रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. हालीचा बट्टा ठाऊक असलेलीं माणसें आतां फार थोडीं उरलीं असतील.

ही जुनी गोष्ट आम्हांस आज आठवली ती एका अगदीं नव्या मोजणीमुळें. महाविद्यालयांतील तरुण मोबाइलवर किंवा संगणकावर व्हिडिओ गेम खेळतात. त्यांतील कांहींचें खेळणें त्यांच्या हाताबाहेर जातें. असे किती आणि कोण, हें ठरविण्यासाठीं निरनिराळ्या देशांतील मानसशास्त्रज्ञांनीं प्रश्नावल्या तयार केल्या आहेत. पांच प्रश्नांस ‘होय’ म्हणणारा विद्यार्थी एका पारड्यांत, चारांस ‘होय’ म्हणणारा दुसऱ्या पारड्यांत, अशी ही तागडी आहे. ती जालन्याच्या विद्यार्थ्यापुढें धरली तर येणारा आंकडा हाली समजावा कीं कळदार, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. त्याचें उत्तर देण्यासाठीं ही तागडी कोणीं, कोठें आणि काय तोलण्याकरितां बनविली, हें आधीं पाहिलें पाहिजे.

खेळाच्या नादानें माणूस नासतो ही तक्रार नवी नव्हे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील चौतिसावें सूक्त एका जुगाऱ्याची व्यथा सांगतें. बेहड्याच्या फळांचे फांसे, दुरावलेली पत्नी, तिरस्कार करणारी सासू, डोक्यावरचें ऋण, हें सर्व त्यांत आहे. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्यांतील सर्वांत मोलाची गोष्ट निराळी. हा मनुष्य ह्यापुढें खेळावयाचें नाहीं असा निश्चय करतो, सोबती निघून जातात तेव्हां मागें राहतो, आणि फांशांचा आवाज कानीं पडतांच पुनः तिकडेच वळतो. तो दिवसाकांठीं किती डाव खेळला हें सूक्तकारानें सांगितलेलें नाहीं. त्याचा निश्चय त्याच्या हातीं राहिला नाहीं, एवढेंच सांगितलें आहे. आणि तेवढ्यानें मनुष्य ओळखतां येतो.

कौटिल्याला राज्याचा हिशेब मांडावयाचा होता, म्हणून त्याची नजर अधिक व्यवहारी. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत तो द्यूताध्यक्ष नेमावयास सांगतो, जुगार ठराविक ठिकाणींच चालावा म्हणतो, आणि जिंकलेल्या रकमेंतून शेंकडा पांच राजभाग ठरवितो. परंतु आठव्या अधिकरणांत, पुरुषांच्या व्यसनांची तुलना करतांना, तो करवसुली बाजूस ठेवून जुगाऱ्याचें रूप न्याहाळतो. जुगारी रात्रीं दिव्याच्या उजेडांत खेळत राहतो. आई मेली असतांहि त्याचा खेळ थांबत नाहीं. अडचणींत असतां कोणी कांहीं विचारलें तर तो चिडतो. भूक आणि मलमूत्राचे वेग अडवून धरल्यानें त्याला रोग जडतात. झोप, नातें, स्वभाव आणि शरीर ह्या चार ठिकाणीं कौटिल्यानें बोट ठेवलें आहे. आजच्या कोणत्याहि प्रश्नावलीशीं हीं चार स्थानें ताडून पहावींत. ज्या मुलाच्या खोलींत पहांटेपर्यंत उजेड असतो आणि जो जेवणाच्या हाकेला ओ देत नाहीं, त्याच्या आईला हें वर्णन समजावून सांगावें लागणार नाहीं.

मराठी गद्याच्या आरंभींहि अशी एक कथा आहे. लीळाचरित्रांत चक्रधरस्वामींचें पूर्वायुष्य येतें. गुजराथेंतील प्रधानाचे पुत्र हरपाळदेव जुगारांत मोठी रक्कम हरले; ती फेडण्यासाठीं त्यांनीं पत्नी कमळाइसेकडे दागिने मागितले; तिनें ते दिले नाहींत; आणि त्या प्रसंगापासून त्यांचें मन संसारावरून उडालें. पुढें गोदावरीच्या ज्या कांठानें त्यांचा संचार झाला, तीच गोदावरी आज जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा आहे. फांशांच्या पायीं जो घरांत ओशाळा झाला, तोच पुढें एका थोर पंथाचा प्रवर्तक झाला. खेळाच्या नादी लागणें हा माणसाच्या आयुष्याचा शेवटचा निकाल नव्हे, हें ह्या कथेवरून ध्यानीं ठेवण्यासारखें आहे. कारण ज्या आधुनिक मापांकडे आतां वळावयाचें आहे, त्यांच्या हातून नकळत असे निकाल लागूं शकतात.

आतांपर्यंत सांगितली ती डोळ्यांची पारख. आंकड्यांची पारख अलीकडची, आणि तिचा उगमहि जुगारांतच आहे. १९८० सालीं अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनें आपल्या निदान-पुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तींत अनावर जुगारास मनोविकारांच्या यादींत प्रथमच स्थान दिलें. १९८७ सालीं लेसिअर आणि ब्लूम यांनीं न्यूयॉर्क राज्यांतील साउथ ओक्स रुग्णालयाच्या नांवानें ओळखली जाणारी २० प्रश्नांची चाळणी प्रसिद्ध केली; ५ किंवा अधिक गुण पडले तर मनुष्य बहुधा विकारग्रस्त, असा तिचा दंडक होता. त्याच सुमारास दुकानादुकानांतून नाणें टाकून खेळावयाचीं यंत्रें पसरलीं होतीं. जपानांत १९७८ सालीं निघालेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ ह्या खेळानें तीं घरोघर माहीत करून दिलीं, आणि १९८३ सालींच सोपर आणि मिलर ह्या दोघा लेखकांनीं विद्यार्थ्यांत हें नवें व्यसन उद्भवत असल्याचा इशारा दिला.

माप हवें होतें आणि जवळ तयार माप जुगाराचें होतें. १९९४ सालीं इंग्लंडांत स्यू फिशर यांनीं जुगाराच्या निदानाच्या कसोट्या घेऊन त्या मुलांच्या यंत्रखेळास लागू केल्या. २००२ सालीं स्पेनमध्यें तेखेइरो सालगेरो आणि बेर्साबे मोरान यांनीं मादक पदार्थांचें अवलंबन व जुगार ह्या दोहोंच्या कसोट्यांवरून ९ प्रश्नांची श्रेणी रचली. उत्तर ‘होय’ किंवा ‘नाहीं’ एवढेंच द्यावयाचें. २००५ सालीं ग्रिफिथ्स यांनीं कोणत्याहि व्यसनाचीं सहा अंगें मांडलीं: तीच गोष्ट आयुष्यांत सर्वांत वरचढ होणें, तिनें मनाची अवस्था पालटणें, तिची मात्रा वाढवीत न्यावी लागणें, ती तुटतां तळमळ होणें, तिच्यापायीं इतरांशीं व स्वतःशीं विरोध येणें, आणि सोडूनहि पुनः तिच्यांत पडणें. २००९ सालीं हॉलंडांत लेमेन्स आणि त्यांचे सहकारी यांनीं २१ प्रश्नांची श्रेणी व तिचें ७ प्रश्नांचें लघुरूप तयार केलें. २०१३ सालीं वर सांगितलेल्या अमेरिकन पुस्तिकेच्या पांचव्या आवृत्तींत ९ कसोट्या आल्या. बारा महिन्यांत त्यांतील ५ लागू पडल्या तर विकार समजावा, परंतु त्याचा अधिक अभ्यास व्हावयास हवा, असें त्या आवृत्तींतच म्हटलें होतें. शेवटीं २०१९ च्या मे महिन्यांत जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेनें रोगांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ति स्वीकारली, व १ जानेवारी २०२२ पासून ती अंमलांत आली. तिच्यांत तीनच गोष्टी पहावयाच्या आहेत: खेळण्यावरचा ताबा सुटणें, इतर सर्व कामांपेक्षां व आवडींपेक्षां खेळास अग्रस्थान मिळणें, आणि नुकसान दिसत असूनहि खेळ चालूच राहणें, आणि ह्या सर्वांमुळें घर, शिक्षण किंवा धंदा यांची गंभीर हानि साधारणतः वर्षभर झालेली असली पाहिजे.

हा निर्णय एकमतानें मान्य झाला नाहीं. २०१७ सालींच आर्सेट व अनेक देशांतील त्यांचे सहकारी यांनीं हरकत घेतली होती कीं, पुरावा कच्चा आहे, कसोट्या जुगार व मादक पदार्थ यांवरून उचललेल्या आहेत, आणि घाईनें नांव दिल्यास निरोगी मुलांवर रोगाचा शिक्का बसेल. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, उपचारासाठीं येणारीं माणसें खरीं आहेत आणि नांवावांचून त्यांना उपचार मिळत नाहीं. दोन्ही पक्षांचें म्हणणें खरें असूं शकतें, आणि त्यामुळेंच मापाची जबाबदारी वाढते.

उसन्या तागडीचा पहिला दोष मात्रेच्या प्रश्नांत दिसतो. जुगाऱ्याला उत्तरोत्तर मोठी रक्कम लावावीशी वाटणें हें अशुभ लक्षण खरें. परंतु बुद्धिबळ खेळणाऱ्याला अधिक तरबेज प्रतिस्पर्धी हवासा वाटणें, गाणाऱ्याला रियाझाचा तास वाढवावासा वाटणें, ही प्रगति होय. व्हिडिओ गेम हा एका अर्थानें शिकण्याचाच प्रकार आहे. एक पायरी जिंकल्यावर अधिक कठीण पायरी यावी अशीच त्याची रचना असते. त्याला ‘मात्रा वाढली’ हा जुगाराचा नियम जसाच्या तसा लावला, तर कुशलतेलाच रोग म्हटल्यासारखें होईल.

दुसरा दोष उंबरठ्याचा. वर उल्लेखिलेल्या हॉलंडांतील अभ्यासांत त्याच मुलांच्या त्याच उत्तरांवर दोन नियम लावून पाहिले. सातहि कसोट्या लागू पडल्या पाहिजेत म्हटलें तर व्यसनी सुमारे २ टक्के निघाले. सातांपैकीं चार पुरेत म्हटलें तर सुमारे ९ टक्के. मुलें बदललीं नाहींत, त्यांचें खेळणें बदललें नाहीं, फक्त तागडीचा कांटा सरकला. अमेरिका, इंग्लंड, कॅनडा आणि जर्मनी ह्या देशांतील सुमारे १९,००० प्रौढांच्या उत्तरांवरून ऑक्सफर्डच्या प्शिबिल्स्की आणि त्यांचे सहकारी यांनीं २०१७ सालीं काढलेला अंदाज तर एकूण लोकसंख्येच्या ०.३ ते १ टक्का एवढाच आहे. २०२० सालीं किंग व त्यांचे सहकारी यांनीं जगांतील उपलब्ध साधनांची पाहणी केली तेव्हां ३२ निरनिराळीं मापें वापरांत असल्याचें त्यांना आढळलें. ज्या बाजारांत ३२ प्रकारचे शेर चालतात, तेथें धान्य स्वस्त कीं महाग हें सांगतांना दुकानदाराचें नांवहि सांगावें लागतें.

ह्या गोंधळांतून वाट दाखविणारी एक गोष्ट आम्हांस आपल्या भाषेंतच सांपडते. मराठीनें ह्या प्रकरणीं पूर्वींच एक उतरंड लावून ठेवली आहे: छंद, नाद, वेड, व्यसन. छंदाचें आपण कौतुक करतों. नाद म्हटलें कीं वडील माणसांच्या भुंवया वर जातात. वेडाला हसतों किंवा कपाळाला हात लावतों. व्यसन ह्या शब्दाबरोबर मात्र घरदार डोळ्यांपुढें येतें. कारण व्यसन शब्दाचा मूळ संस्कृत अर्थच संकट असा आहे. पायरी चढत जाते ती तासांच्या हिशेबानें चढत नाहीं. छंदाला दिवसाचे चार तास देणारा व्यसनी ठरत नाहीं. ज्या पायरीवर इतर गोष्टी मोडूं लागतात, तेथें शब्द बदलतो.

हाच भेद २००७ सालीं इंग्लंडांत चार्ल्टन आणि डॅनफोर्थ यांनीं एका ऑनलाइन खेळाच्या खेळाडूंची उत्तरें तपासून आंकड्यांनीं दाखविला. खेळाचे विचार मनांत घोळत राहणें, अधिक वेळ द्यावासा वाटणें, खेळतांना उल्हास वाटणें, हीं लक्षणें नुसत्या गुंगलेल्या खेळाडूंतहि सांपडतात. परंतु घराशीं व कामाशीं विरोध येणें, खेळ थांबतां तळमळणें, सोडून पुनः त्यांतच पडणें आणि दिवसाच्या व्यवहारांवर खेळानें कुरघोडी करणें, हीं खऱ्या व्यसनाचीं लक्षणें होत. पहिल्या गटाचे गुण दुसऱ्यांत मिसळून बेरीज केली तर छंदिष्ट आणि व्यसनी एकाच ओळींत उभे राहतात.

आतां जालन्याकडे वळूं. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण व्यापाराच्या भरभराटीची. बियाण्यांचा आणि लोखंडी सळयांचा धंदा ह्या शहरानें पुढें वाढविला. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन, जाफराबाद आणि बदनापूर ह्या तालुक्यांतील मुलें शिक्षणासाठीं ह्याच शहरांत किंवा शेजारच्या छत्रपति संभाजीनगरांत (पूर्वींचें औरंगाबाद) येतात. जिल्ह्यांतील महाविद्यालयें १९५८ च्या ऑगस्टमध्यें स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाच्या, म्हणजे आजच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या, कक्षेंत आहेत. २०१६ च्या सप्टेंबरांत जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाइलवरील इंटरनेट एकाएकीं स्वस्त झालें. २०१८ सालीं ‘पब्जी’चा मोबाइल अवतार आला, २ सप्टेंबर २०२० रोजीं सरकारनें त्यावर बंदी घातली, २०२१ सालीं तोच खेळ नव्या नांवानें परतला. मधल्या काळांत, २०२० च्या मार्चपासून, साथीमुळें महाविद्यालयें बंद होतीं आणि पाठ मोबाइलवर चालत. तीच वस्तु पाटी आणि तीच सोंगट्यांचा पट. अशा वेळीं ‘मोबाइल हातांत किती तास?’ ह्या प्रश्नाच्या उत्तरांतून खेळाचें माप निघत नाहीं. आणि ही संवय साथीबरोबर गेली नाहीं.

अशा विद्यार्थ्यापुढें परदेशी प्रश्नावलीचें मराठी भाषांतर ठेवलें कीं बट्ट्याचा प्रश्न उभा राहतो. खेळ तुटल्यावर होणाऱ्या तळमळीचा प्रश्न घ्या. भाषांतरकार सहज लिहितो: ‘खेळ नसला तर तुम्हांला करमत नाहीं काय?’ मराठी मनुष्याला कशाशिवाय करमत नाहीं! चहाशिवाय, वर्तमानपत्राशिवाय, शेजाऱ्याशीं चार शब्द बोलल्याशिवाय करमत नाहीं. गांव सोडून वसतिगृहांत आलेल्या मुलाला तर पहिले सहा महिने कशानेंच करमत नसतें. तो प्रामाणिकपणें ‘होय’ म्हणेल, आणि त्या एका ‘होय’नें त्याच्या नांवावर असें लक्षण नोंदलें जाईल जें मूळ प्रश्नांत दारू किंवा अफू सुटलेल्या माणसाच्या यातनेवरून घेतलेलें होतें. ‘अस्वस्थ’, ‘बेचैन’, ‘चिडखोर’, ‘हुरहुर’ ह्या शब्दांतील प्रत्येकाचें वजन निराळें आहे. म्हणून एकानें मराठी करावें, दुसऱ्यानें मूळ न पाहतां तें पुनः इंग्रजींत न्यावें, दोन्ही इंग्रजी पाठ ताडावेत, आणि त्यानंतर मंठ्याच्या व भोकरदनच्या दहा-वीस मुलांस प्रत्येक प्रश्न वाचून ‘तुम्हांला ह्यांतून काय समजलें?’ असें विचारावें, ही शास्त्रशुद्ध रीत आहे. ही शेवटची पायरी सर्वांत स्वस्त, आणि घाईंत सर्वांत आधीं गाळली जाणारीहि तीच.

दुसरा प्रश्न खोटें बोलण्याचा. ‘किती खेळतां हें घरच्यांपासून लपविलें आहे काय?’ आईबापांबरोबर एका घरांत राहणाऱ्या युरोपांतील मुलाच्या बाबतींत हें लपविणें अर्थपूर्ण असेल. आमचा विद्यार्थी घनसावंगीहून येऊन भाड्याच्या खोलींत राहतो. आठवड्यांतून एकदां घरीं फोन करतो. वडिलांनीं ‘अभ्यास कसा?’ म्हटलें कीं ‘चांगला’ म्हणतो. हें लपविणें कीं मर्यादा? आणि ज्या घरांत अजून मुलीच्या हातीं स्वतःचा मोबाइल नाहीं, तेथें ती भावाचा मोबाइल चोरून घेऊन अर्धा तास खेळली तर ‘लपविलें’ ह्या सदरांत तिला गुण पडेल, आणि उघडपणें रात्रभर खेळणारा भाऊ त्या सदरांत कोरा राहील.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजुक आहे. दुःख विसरण्यासाठीं खेळतां काय, असें जवळजवळ प्रत्येक प्रश्नावली विचारते. २०१२-१३ च्या दुष्काळांत जालना जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा वाळल्या. वर्षानुवर्षें वाढविलेलीं झाडें लोकांनीं डोळ्यांदेखत तोडलीं. अशा वर्षीं एखाद्या शेतकऱ्याचा मुलगा रात्रीं खोलींत खेळत बसला आणि ‘होय, विसरण्यासाठीं’ असें त्यानें लिहिलें, तर रोग कोणता? खेळामुळें तो अभ्यासांत मागें पडला, कीं घरच्या चिंतेनें अभ्यासांतून उठून खेळांत लपला? एकाच दिवशीं भरलेली प्रश्नावली कारण आणि कार्य यांचा क्रम सांगूं शकत नाहीं. त्याच मुलांस सहा महिन्यांनीं आणि वर्षानें पुनः विचारलें तरच त्या क्रमाचा सुगावा लागण्याची आशा. आणि उन्हाळ्याच्या सुटींत दिलेलें उत्तर परीक्षेच्या महिन्यांत तेंच राहतें काय, हेंहि त्यावरूनच कळेल.

ह्या सर्वांवर कोणी म्हणेल, थोडीफार चूक झाली म्हणून काय बिघडतें? दोन-चार चांगलीं मुलें व्यर्थ तपासलीं गेलीं तर जाऊं द्यावींत. येथें साधा त्रैराशिकाचा हिशेब करून पहावा. समजा, एका महाविद्यालयांत १,००० विद्यार्थी आहेत आणि त्यांतील १० जणांस खरोखर मदतीची गरज आहे. समजा, आपलें माप चांगलें आहे: त्या १० पैकीं ९ जणांस तें हुडकून काढतें, आणि बाकीच्या ९९० पैकीं शेंकडा ५ जणांवरच चुकीचा शिक्का मारतें. म्हणजे चुकून शिक्का बसलेले सुमारे ५० झाले. एकूण ५९ नांवांच्या यादींत खरे ९. सहांत एकहि नाहीं! ही यादी फलकावर लागली, किंवा पालकांस पत्रें गेलीं, तर ५० घरांत निष्कारण वादळ उठेल. आणि जो दहावा राहिला, त्याला ‘तूं निरोगी आहेस’ असें सांगून आपण परत पाठविलेलें असेल. रोग विरळा असला म्हणजे चांगलें मापहि असें फसवितें. म्हणून प्रश्नावली ही चाळणी आहे, निवाडा नव्हे. चाळणींतून खालीं पडलेल्याशीं जाणत्या माणसानें समोर बसून बोलल्यावांचून निदान होत नाहीं. बंगलोरच्या निम्हान्स संस्थेनें २०१४ सालीं अशा तक्रारींसाठीं स्वतंत्र चिकित्सालय उघडलें; पण जालन्याचा विद्यार्थी बंगलोरपर्यंत जाण्याआधीं त्याच्याशीं बोलणारें कोणी तरी त्याच्या महाविद्यालयांतच असलें पाहिजे.

दोन विद्यार्थी कल्पनेनें समोर आणूं. पहिला सुटींत रोज सहा तास खेळतो. खेळाच्याच गोष्टी बोलतो. मित्रांच्या संघाचा तो म्होरक्या आहे. परीक्षा आली कीं खेळ आवरतो, थोडा कुरकुरतो आणि उत्तीर्ण होतो. दुसरा रोज दोनच तास खेळतो. पण ते दोन तास रात्रीं बारा ते दोन. सकाळचें प्रात्यक्षिक बुडतें. खेळ काढून टाकण्याचा निश्चय त्यानें तीनदां केला आणि तीनदां मोडला. खोलींतील सोबत्याशीं बोलणें बंद झालें आहे. तासांच्या मापानें पहिला रोगी. ऋग्वेदांतील जुगाऱ्याशीं आणि कौटिल्याच्या दिव्याखालच्या खेळाडूशीं ताडून पाहिलें तर दुसरा. आणि हा दुसराच सर्वांच्या नजरेंतून सुटतो; कारण तो गडबड करीत नाहीं, आणि ‘दोनच तास तर खेळतो’ असें त्याची आईहि म्हणते.

२०२५ च्या ऑगस्टमध्यें संसदेनें ऑनलाइन खेळांविषयीं कायदा संमत केला. पैसे लावून खेळावयाच्या खेळांस मनाई आणि स्पर्धात्मक ई-खेळांस उत्तेजन, असें त्याचें धोरण आहे. द्यूताध्यक्षाच्या काळापासून राजसत्तेचें लक्ष पैशाकडे जातें आणि तें योग्यच आहे. कर्जानें बुडालेलें घर कायद्यास दिसतें. परंतु आमचा दुसरा विद्यार्थी एक पैहि लावीत नाहीं. त्याची झोप, त्याचा निश्चय आणि त्याचा सोबती एवढेंच त्यानें पणाला लावलें आहे. तेथें कायद्याचा हात पोंचत नाहीं. शिक्षकाचा, मित्राचा किंवा घरच्या माणसाचाच पोंचूं शकतो.

मोजूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. मोजल्यावांचून एक जण म्हणतो सारी पिढी बुडाली, दुसरा म्हणतो सगळा बागुलबोवा. आणि दोघांच्या भांडणांत गरजू मुलाकडे कोणीच पाहत नाहीं. कादंबरी, नाटक, सिनेमा, प्रत्येकाच्या वेळीं वडिलांनीं असाच आरडाओरडा केला होता, आणि प्रत्येक वेळीं थोडीं मुलें खरोखर वाहवलींहि होतीं. किती, तें कोणीं मोजलें नाहीं. आज मोजण्याचें साधन हातीं आहे हा लाभच होय. अट एवढीच कीं, माप येथल्या भाषेंत येथल्या मुलांवर पारखून घ्यावें. तासांपेक्षां मोडलेल्या निश्चयाची आणि मोडलेल्या नात्याची चौकशी करावी. उंबरठा कोठें धरला तें उघड सांगावें. आणि यादी कोणाच्या हातीं पडेल हें ठरविल्यावांचून प्रश्नावली वांटूं नये.

मोंढ्यांतील जुना व्यापारी परगांवचा रुपया नाकारीत नसे. तो हातांत घेई, कोणत्या टांकसाळीचा तें पाही, बट्टा लावी आणि मगच वहींत मांडी. स्पेनच्या, हॉलंडच्या किंवा अमेरिकेच्या प्रश्नावल्या आमच्या महाविद्यालयांत अशाच याव्यात आणि अशाच पारखल्या जाव्यात. रुपयाच्या हिशेबांत चूक झाली तर दोन-चार आणे जात. येथें वहीच्या दुसऱ्या बाजूस अठरा-वीस वर्षांचा मुलगा उभा आहे. त्याच्या नांवापुढें आंकडा लिहिण्याआधीं त्याला समोर बसवून ‘झोप लागते ना रे?’ एवढें तरी कोणीं विचारावें.